'बोर्ड गेला' म्हणे! नागपुरातल्या फ्रिज-बोर्ड दुरुस्तीच्या तीन वाटांची पारख

नवतपा लागला की नागपुरात दोन गोष्टींना तोटा नसतो: कुलरच्या टाकीत पाणी कोणी भरायचं यावरचे घरोघरचे वाद, आणि फोनवरच 'बोर्ड गेला, बदलावा लागेल' असं सांगून मोकळे होणारे फ्रिजवाले. त्यांनी फ्रिज अजून उघडूनही पाहिलेला नसतो. बोर्ड म्हणजे फ्रॉस्ट-फ्री फ्रिजच्या पाठीमागे किंवा माथ्यावर झाकणाखाली बसवलेलं कंट्रोल पीसीबी. कॉम्प्रेसर कधी चालू, पंखा किती वेगाने, बर्फ वितळवणारा हीटर केव्हा, हे सगळं तेच ठरवतं. ते खरंच बिघडलं तर शहरात तीन वाटा आहेत. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून नवा बोर्ड घ्यायचा, बर्डीत (सीताबर्डीच्या बाजारात) किंवा आपल्या भागात टेबलावर बोर्ड घेऊन त्यातले पार्ट बदलणाऱ्या कारागिराकडे जायचं, नाहीतर बाजारातला स्वस्त 'युनिव्हर्सल' बोर्ड बसवून घ्यायचा.

इथे पारख त्या तिन्ही वाटांची आहे, दुकानांची नाही. एकाच दुकानातला सकाळचा कारागीर मोजून काम करतो आणि दुपारचा नुसता स्क्रू-ड्रायव्हर फिरवतो, तिथे दुकानाला तारे देऊन काय साधणार? थोडक्यात निकाल असा: साध्या कॉम्प्रेसरच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजला टेबलावरची दुरुस्ती सगळ्यात चांगली. इन्व्हर्टर फ्रिजचा (ज्याच्या कॉम्प्रेसरचा वेग बदलतो) पॉवर भाग, म्हणजे कॉम्प्रेसरला वीज देणारा भाग, फुटला असेल तर कंपनीचा नवा बोर्ड. युनिव्हर्सल बोर्ड फक्त जुन्या, पार्ट मिळणं बंद झालेल्या फ्रिजला, तोही नाइलाज म्हणून.

आधी मीटर, मग निदान

पैसे कशाचे द्यायचे तर निदानाचे. चांगला माणूस आल्यावर पहिल्यांदा सॉकेटला मीटर लावतो, फ्रिजला नाही. कॉम्प्रेसर सुरू होताना व्होल्टेज २३० वरून १७०-१८० पर्यंत कोसळत असेल, तर दोष वायरिंगचा किंवा कुलर आणि फ्रिज एकाच एक्स्टेन्शनवर लावण्याचा. प्लग लावल्यावर तो किमान १० मिनिटं थांबतो, कारण बहुतेक बोर्ड वीज आल्यावर काही मिनिटं कॉम्प्रेसर मुद्दाम बंद ठेवतात. दोन मिनिटांत 'डेड' म्हणणाऱ्याला चहा देऊन निरोप द्यावा. दिवे लागतात, पंखा फिरतो, पण थंडावा शून्य, अशी तक्रार असेल तर शोरूमसाठीचा डेमो मोड चुकून सुरू झालाय का, हेही पाहायला हवं. पोरांनी बटणं दाबल्यावर हे होतं आणि त्याचं बिल बोर्डाच्या नावाने फाडलं जातं.

सगळ्यात जास्त चुकीचं निदान होतं ते 'वर बर्फ, खाली गरम' या तक्रारीत. फ्रीजरमध्ये बर्फ जमतोय आणि भाजीचा कप्पा कोमट आहे, तर बोर्डाचा नंबर शेवटी लागतो. आधी डोअर-स्विच. तो दाबलेला असताना सुटल्यासारखा वागला तर बोर्डाला दार उघडंच वाटतं आणि तो पंखा थांबवून ठेवतो. मग पंखा: चारीकडून बर्फात अडकलाय का, १२ व्होल्ट त्याच्यापर्यंत पोचतात का. मग बर्फ वितळवायची साखळी म्हणजे हीटर, बायमेटल (तापमानानुसार आपोआप जुळणारा-सुटणारा स्विच) आणि थर्मल फ्यूज. २०० वॅटच्या हीटरचा रेझिस्टन्स २६५ ओहमच्या आसपास यायला हवा. थर्मल फ्यूज नेहमी जोडलेलाच दिसला पाहिजे. एकदा उडाला की संपला.

बायमेटलपाशी मात्र निम्मे मेकॅनिक फसतात. खोलीच्या तापमानाला बायमेटल उघडा असणं हेच बरोबर आहे, तो शून्याच्या खाली गेल्यावरच जुळतो. मे महिन्यात नागपूरच्या स्वयंपाकघरात ४० अंशांवर मीटर लावून 'कंटिन्युइटी नाही (वाट जोडलेली नाही), खराब' म्हणणं म्हणजे मेणबत्ती दिवसा विझलेली दिसली म्हणून फेकून देणं. तो दुसऱ्या चालू फ्रीजरमध्ये अर्धा तास ठेवायचा, मग मोजायचा.

सेन्सरचंही तसंच. फ्रिजमधले सेन्सर हे एनटीसी थर्मिस्टर असतात, म्हणजे गार झाले की रेझिस्टन्स वाढतो. कुठल्या कंपनीचा २५ अंशांना ५ किलो-ओहम, कुठल्याचा २.७, कुठल्याचा १० च्या आसपास. नुसत्या खोलीत मोजून काही कळत नाही. आत ओल शिरलेला सेन्सर गरम असताना बरोबर आकडा देतो आणि गार झाल्यावर भरकटतो. स्टीलच्या ग्लासात बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घेऊन ढवळायचं, सेन्सरचं टोक त्यात पाच मिनिटं धरायचं. शून्य अंशांना आकडा २५ अंशांच्या आकड्याच्या अडीच ते सव्वातीन पट व्हायला हवा. ५ किलो-ओहमचा सेन्सर साधारण १३ ते १६ दाखवेल. तो ७ वरच थांबला किंवा ४० वर गेला, तर दोषी सेन्सर. बोर्डाला हात लावू नका.

एवढं करूनही उत्तर मिळालं नाही, तर बोर्ड. इथेही एक साधी युक्ती आहे: सगळे कनेक्टर काढून फक्त मेन वीज देऊन १२ आणि ५ व्होल्ट पाहायचे. बरोबर आले, तर एकेक कनेक्टर लावत जायचं. पंख्याचा कनेक्टर लावताच १२ व्होल्ट कोसळले, तर पंखा शॉर्ट आहे आणि बोर्ड बिचारा निर्दोष.

टेबलावरची दुरुस्ती: ५ पैकी ४

ही सेवा आवडण्याचं कारण पैशांची बचत एवढंच नाही. बोर्ड का गेला, हे शोधणारी ही एकच वाट आहे.

बोर्डाचा वीजपुरवठ्याचा भाग बहुतेक वेळा आधी जातो. रस्ता असा: फ्यूज, त्याच्यामागे व्हॅरिस्टर (व्होल्टेज फार वाढलं की स्वतः शॉर्ट होणारा पार्ट), मग ब्रिज रेक्टिफायर, ४५० व्होल्टचा कपॅसिटर, स्विचिंग आयसी, छोटा ट्रान्सफॉर्मर, आणि पलीकडे १२ व्होल्ट. तिथून ७८०५ किंवा तशाच रेग्युलेटरने ५ व्होल्ट. मायक्रोकंट्रोलरला (बोर्डाच्या मेंदूला) ५ लागतात, रिले (कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) आणि पंख्याला १२. मायक्रोकंट्रोलरची तेवढी ताकद नसते म्हणून मध्ये यूएलएन२००३ सारखी ड्रायव्हर आयसी रिले ओढते.

चांगल्या कारागिराची पहिली खूण म्हणजे सिरीज बल्ब. ६० किंवा १०० वॅटचा जुना तारेचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये ठेवूनच तो बोर्डाला वीज देतो. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक, भगभगीत लागून राहिला तर आत शॉर्ट. हा बल्ब नसेल तर नवीन टाकलेली आयसी डोळ्यांदेखत फुटते आणि ती तुमच्याच बिलात येते. दुसरी खूण: बोर्डाला हात लावण्याआधी तो मोठा कपॅसिटर रिकामा करतो आणि मीटरवर खात्री करून घेतो. प्लग काढल्यावरही त्यात ३०० व्होल्ट डीसी बसून राहू शकतात. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडून रिकामा करणारा शूर असेल, शहाणा नव्हे.

मग आकडे. मोठ्या कपॅसिटरवर ३१० ते ३२५ व्होल्ट डीसी हवेत. तिथे काहीच नाही, म्हणजे फ्यूज, ब्रिज किंवा आधीची वाट तुटलेली. तिथे आहेत पण पलीकडे १२ नाहीत, म्हणजे स्विचिंग आयसी किंवा तिचा मदतीचा छोटा कपॅसिटर. १२ व्होल्ट श्वास घेतल्यासारखे वर-खाली होत असतील तर दोनच शक्यता: पुढे कुठेतरी शॉर्ट, नाहीतर आयसीच्या पुरवठ्यावरचा तो छोटा, बहुधा ५० व्होल्टचा कपॅसिटर सुकलाय. आउटपुट स्थिर ठेवणारी पीसी८१७ ऑप्टोकपलर आणि टीएल४३१ ही जोडी बिघडली तर १२ चे १५-१६ होतात आणि मग पुढचे पार्ट भाजतात.

फ्यूजची काचही बोलते. आत काळाकुट्ट झाला असेल तर मोठा शॉर्ट झालेला असतो आणि नुसता फ्यूज बदलून उपयोग नाही. आतली तार शांतपणे तुटलेली असेल तर बहुधा जुनाट फ्यूज किंवा थोडासा जास्तीचा भार. फ्यूजच्या जागी तांब्याची तार बांधणारा दिसला की बोर्ड उचलून घरी या.

रिलेची कटकट ही नागपुरी उन्हाळ्यातली ठरलेली तक्रार. आवाज येतो म्हणून रिले बदलतात. दोष बहुतेकदा १२ व्होल्टच्या बाजूच्या फुगलेल्या कपॅसिटरचा असतो. रिले ओढायला गेली की १२ चे ९ होतात, ती सुटते, पुन्हा ओढते. ४७० किंवा १००० मायक्रोफॅरडचा तो कपॅसिटर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्या किंवा जास्त व्होल्टेजचा आणि १०५ अंशांचाच टाकायला सांगा. ८५ अंशांचा दोन पैसे स्वस्त पडतो, पण इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांमागे साधारण निम्मं होतं, आणि हा तर कॉम्प्रेसरच्या उबेत बसणार आहे. याउलट फ्रिज बंद होतच नाही, भाजी गोठते, तर कॉम्प्रेसरच्या रिलेचे संपर्क चिकटलेत का पाहायचं. बोर्डावरच्या सोल्डरच्या जाड टाक्यांभोवती भिंगातून गोल तडे दिसतात, त्याला ड्राय सोल्डर म्हणतात. पुन्हा टाका मारला की वर्षानुवर्षं चालतं.

एक तारा कापला तो गॅरंटी आणि साफसफाईसाठी. बरेच जण टाका मारल्यावरचा चिकट फ्लक्स तसाच ठेवतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने पाच मिनिटांचं काम आहे. त्यावर लॅकरचा पातळ थर द्यावा, कनेक्टर आणि रिले सोडून. फ्यूज, व्हॅरिस्टर, दोन-तीन कपॅसिटर हे पार्ट मिळून शंभराच्या आसपास येतात; तुम्ही देता ते हुन्नराचे आणि वेळेचे पैसे, आणि ते द्यावेत. मात्र मजुरीसकट आकडा नव्या बोर्डाच्या निम्म्यापलीकडे गेला, तर दुरुस्तीचा हट्ट सोडा.

इन्व्हर्टर बोर्ड: इथे हात आखडता घ्या

इन्व्हर्टर फ्रिजचा कॉम्प्रेसर तीन फेजचा असतो आणि बोर्ड त्याला वेगवेगळ्या वारंवारतेची वीज बनवून देतो. त्याला थेट २३० व्होल्ट लावून 'कॉम्प्रेसर चालतो का पाहतो' म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा.

पहिलं काम कॉम्प्रेसरची तीन टोकं मोजण्याचं. तिन्ही जोड्यांचा रेझिस्टन्स सारखा हवा आणि कुठल्याही टोकापासून बॉडीपर्यंत काहीच वाहता कामा नये. ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरवर) पाहिलं तर उत्तम. हे न करता नवा बोर्ड लावला आणि वाइंडिंग शॉर्ट असेल, तर हजारोंचा बोर्ड एका क्षणात जळतो. मग 'बोर्डच डिफेक्टिव्ह आला' ही सबब तयार असते.

वाइंडिंग ठीक असेल तर बोर्डाच्या तीन आउटपुटना टेस्टर लावायचा. तीन दिव्यांचा छोटा टेस्टर बर्डीत मिळतो आणि तिन्ही दिवे सारखे लुकलुकतात का, एवढंच तो सांगतो. साध्या मीटरवर त्या जागी भलतेसलते आकडे येतात, त्यावर विश्वास नको. बोर्डावरचा लाल दिवा किती वेळा लुकलुकतो हेही मोजून लिहून ठेवा. अर्थ मॉडेलनुसार बदलतो, तो त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच लावायचा.

पॉवर मॉड्यूल (पॉवर भागातला मुख्य पार्ट) फुटलं असेल तर टेबलावरची दुरुस्ती जुगार ठरते. बाजारात जुन्या बोर्डांवरून काढून, छाप नव्याने मारलेली मॉड्यूल फिरतात. हीटसिंकखालची पेस्ट नीट लावली नाही तर खरं मॉड्यूलही आठवड्यात जातं. काही बोर्ड राळेत बुडवलेले असतात, ते उकरण्यात अर्थच नाही. फक्त वीजपुरवठ्याचा भाग गेला असेल, तर मात्र इन्व्हर्टर बोर्डही दुरुस्त करून घ्यावा.

आणखी एक. नवे घरगुती फ्रिज बहुतेक आर६००ए गॅसवर चालतात. तो आयसोब्यूटेन, म्हणजे पेट घेणारा. गॅस गळतीची शंका असताना फ्रिजपाशी सोल्डरिंग गन किंवा ठिणगी नको. बोर्ड काढून बाहेर न्या.

कंपनीचा नवा बोर्ड: ५ पैकी साडेतीन

पार्ट बरोबर येतो, मॉडेलशी जुळतो, सेटिंग आत भरलेलं असतं. तक्रार वेगळीच आहे: जुना का गेला, हे कोणी विचारत नाही. काढला, नवा लावला, बिल दिलं. सॉकेटची न्यूट्रल (विजेची परतीची तार) ढिली असेल तर पुढच्या वादळात नवाही जाणार. आणि ऐन मे महिन्यात पार्ट मागवायला दिवस गेले तर दूध-भाजीची सोय तुमची तुम्ही बघायची.

'कॉम्प्रेसरवर १० वर्षं' हे शब्द शोरूममध्ये मोठ्या अक्षरांत असतात. ते कॉम्प्रेसरपुरतेच, बोर्ड त्यात धरला आहे का, हे वॉरंटी कार्डावर बोट ठेवून वाचा. तक्रार नोंदवताना फ्रिजच्या आतल्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत सांगा. शेवटची दोन अक्षरं वेगळी असली तरी बोर्ड वेगळा असू शकतो. बदललेल्या पार्टची वॉरंटी किती दिवसांची, ते बिलावर लिहून घ्या.

युनिव्हर्सल बोर्ड: ५ पैकी दीड

पुठ्ठ्याच्या डब्यात बोर्ड, एक-दोन सेन्सर, कधी छोटा डिस्प्ले. सगळ्या कंपन्यांना चालतो म्हणतात. चालतो, पण कसा? त्याच्यासोबत आलेला सेन्सरच वापरायला हवा. जुना सेन्सर जोडून पाहिला, कनेक्टर बसला म्हणून तसाच ठेवला, तर बोर्डाचं गणित एका आकड्यावर आणि सेन्सर दुसऱ्याच. डिस्प्लेवर ४ आणि आत १२ अंश, हा प्रकार तिथूनच येतो.

मूळ बोर्ड कॉम्प्रेसर किती तास चालला, दार किती उघडलं, यावरून बर्फ वितळवायची वेळ ठरवतो. हे युनिव्हर्सल बोर्ड बहुतेक नुसत्या घड्याळावर हीटर लावतात. पंख्याचा वेग, हवेची झडप, फ्रीजरचं फ्रिजमध्ये रूपांतर, सगळं विसरायचं. रिलेकडे तर जरूर पाहा. कॉम्प्रेसर चालू असताना एखाद-दीड अँपिअरच घेतो, पण सुरू होताना त्याच्या कितीतरी पट ओढतो. १० अँपिअरची साखरेच्या चौकोनाएवढी रिले दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत टिकली तर नशीब. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरसाठीचे युनिव्हर्सल बोर्डही येतात. मोटरशी मेळ बसला नाही तर कॉम्प्रेसर घरघरतो, थरथरतो. आमचं मत स्पष्ट आहे: नको.

दीड तारा दिला तो याच्यासाठी की १५ वर्षांचा, बोर्ड मिळतच नाही असा धडधाकट फ्रिज यावर आणखी काही वर्षं भाजी गार ठेवतो. बसवायचाच तर बंद प्लॅस्टिकच्या डब्यात बसवा, उघडा लटकवू नका.

नागपुरात बोर्ड का जातात

पहिला गुन्हेगार ढिली किंवा तुटलेली न्यूट्रल. वादळात खांबावरची न्यूट्रल सुटली की घरात २३० ऐवजी ४०० च्या जवळ व्होल्टेज येऊ शकतं. १४डी४७१ असा शिक्का असलेला व्हॅरिस्टर ३०० व्होल्ट एसीपर्यंतच सतत तग धरतो. त्यावर तो स्वतः शॉर्ट होतो, फ्यूज उडवतो आणि बोर्ड वाचवतो. फुटलेला निळा व्हॅरिस्टर काढून नुसता फ्यूज टाकला तर फ्रिज सुरू होतो हे खरं, पण पुढच्या वेळी मधे पडणारं कोणी उरत नाही.

फ्रिज कंपन्यांचा 'स्टॅबिलायझरची गरज नाही' हा दावा कमी-जास्त व्होल्टेजपुरता असतो, अशा झटक्यापुरता नाही. साधा रिलेवाला स्टॅबिलायझरही झटका अडवायला उशीर करतो. घराच्या मेन स्विचबोर्डात बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर घ्या. १७० च्या खाली आणि २७० च्या वर तोडणारा, परत जोडताना तीन मिनिटं थांबणारा. नवा बोर्ड घेणाऱ्याने आधी हा खर्च करावा.

दुसरा कुलर. फ्रिजच्या पाठीवर कुलरची ओली हवा चार महिने येत राहिली तर बोर्डावर हिरवट गंज चढतो, कनेक्टरच्या पिना काळ्या पडतात. फ्रिज त्या झोतातून हलवा आणि मागे किमान १० सेंटिमीटर जागा सोडा. तिसरे भाडेकरू: पाल, झुरळं. ऊब मिळते म्हणून बोर्डावर येतात आणि ३०० व्होल्टच्या दोन पट्ट्यांवर एकदमच पाय ठेवतात. झाकणाच्या फटीला बारीक जाळी लावा, हवेच्या मोठ्या खिडक्या मात्र बंद करू नका.

ताब्यात घेताना

जुना पार्ट परत मागा. देत नसेल तर बिलावर तसं लिहून घ्या. बिलावर काय बदललं ते पार्टच्या नावानिशी हवं, 'पीसीबी रिपेअर' एवढंच नको. वाद मिटला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टलही सुरू केलं, त्यावर सहभागी कंपन्यांची दुरुस्ती आणि वॉरंटीची माहिती बघता येते. बाद झालेला बोर्ड भंगारवाल्याला देण्यापेक्षा ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

मेकॅनिक जाण्याआधी एकदा सक्तीचा डीफ्रॉस्ट लावायला सांगा. बऱ्याच मॉडेलांत बोर्डावर टेस्टचं बटण असतं. हीटर लागला, थोड्या वेळाने मागच्या ट्रेमध्ये पाणी आलं, म्हणजे ती साखळी पूर्ण झाली. मग मधल्या कप्प्यात पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर ठेवून २४ तासांनी पाहा: ३ ते ५ अंश हवेत, फ्रीजरमध्ये उणे १८ च्या आसपास. उष्णकटिबंधीय म्हणजे टी वर्गाचा फ्रिजसुद्धा बाहेरच्या ४३ अंशांपर्यंतच्या हिशेबाने बनतो आणि नागपूर ४५ ओलांडतं, म्हणून दुपारी चारला ७ दिसले तर लगेच फोन करू नका. पहाटे पाचला पुन्हा बघा. पहाटेही ८ च्या वरच असेल तर गॅरंटीच्या मुदतीत त्याच माणसाला बोलवा, आणि या वेळी मीटर आधी डोअर-स्विचला लावायला सांगा.